आयसीयू की इमर्जन्सी: आधी काय बघायचं, मग काय, आणि फॉर्म सगळ्यात शेवटी

नर्स म्हणून आयसीयू घ्यायचं की इमर्जन्सी हे ठरवताना बऱ्याच जणी एकच चूक करतात. कुठे जागा रिकामी आहे ते बघतात, फॉर्म भरतात, आणि मग मला पहिल्यापासून हेच आवडायचं असं स्वतःला पटवत बसतात. सगळा क्रम उलटा. मग चार-सहा महिन्यांनी फोन येतो की ताई मला ड्यूटीला जायच्या आदल्या रात्री झोपच लागत नाही, आणि बोलत गेलं की कळतं पोरगी हुशार आहे, हाताने चांगली आहे, फक्त चुकीच्या ठिकाणी उभी आहे.

मी दोन्हीकडे काम केलंय, आधी इमर्जन्सी आणि नंतर आयसीयू, आणि पहिल्या वेळी मी सुद्धा असंच जागा बघून ठरवलं होतं. म्हणून ज्या क्रमाने करायला हवं त्याच क्रमाने लिहितेय. एखादी पायरी गाळावीशी वाटली तर निदान ३ आणि ४ गाळू नका.

सुरू करायच्या आधी लागणाऱ्या गोष्टी

एक छोटी वही, मोबाईलमधल्या नोट्स नकोत कारण त्या परत कोणी उघडत नाही. साधारण दीड-दोन महिने हातात हवेत. दोन्ही विभागांच्या इन्चार्ज सिस्टरना भेटून शिफ्ट बघायला येऊ का अशी परवानगी मागायची, ती मिळायला वेळ लागतो म्हणून पहिल्याच आठवड्यात मागून ठेवा. आणि ह्या काळात कोणालाही "मी आयसीयू घेणार" असं सांगू नका. एकदा चारचौघांत बोललं की माणूस स्वतःच्या शब्दात अडकतो, मग समोर वेगळं दिसलं तरी मागे फिरत नाही.

पायरी १: डोक्यातली चित्रं खोडून टाका

वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही विभागांबद्दल तुम्हाला काय वाटतं ते लिहून काढा. बहुतेक वेळा हेच निघतं:

"इमर्जन्सीत सतत धावपळ, सीपीआर, ॲक्सिडेंट." असे पेशंट येतात, पण शिफ्टचा मोठा भाग ताप, पोटदुखी, चक्कर, छोट्या जखमा, रिपोर्टची वाट बघणारे आणि वर बेड मिळत नाही म्हणून तासन् तास तिथेच पडून असलेले पेशंट ह्यांच्यात जातो. आणि कधी होणार, किती वेळ लागणार असं शंभर वेळा विचारणारे नातेवाईक.

"आयसीयूत शांतता असते, एकच पेशंट, आरामात काम." शांतता आवाजाची असते, कामाची नाही. दर तासाला व्हायटल्स, दर तासाला युरीन, औषधांच्या सगळ्या पंपांचे रेट, सेडेशन स्कोअर (पेशंट किती गुंगीत आहे त्याचा आकडा), सक्शन (नळीतून कफ ओढून काढणं), ठरलेल्या वेळी कूस बदलणं, तोंडाची आणि डोळ्यांची काळजी, आणि हे सगळं लिहिणं. एक तास चुकला की पुढचा तास आधीच्या तासाच्या अंगावर येऊन पडतो.

"आयसीयू म्हणजे मशीनचं काम." व्हेंटिलेटर वाचायला शिकता येतं. जो पेशंट बोलू शकत नाही त्याला काय होतंय हे त्याच्या कपाळावरच्या आठीवरून ओळखणं हे खरं काम आहे.

"एकीकडे जमलं की दुसरीकडे जमतंच." नाही जमत. शेवटच्या पायरीत ह्यावर लिहिलंय.

> तपासणी: तुमच्या यादीतलं किती स्वतः बघितलेलं आहे आणि किती ऐकलेलं, त्यावर खूण करा. ऐकलेलं जास्त असेल तर अजून तुम्ही काहीच ठरवलेलं नाही असं धरून चाला.

पायरी २: खरा फरक समजून घ्या, तो पेशंटच्या गंभीरपणात नाही

लोकांना वाटतं एकीकडे जास्त सिरियस आणि एकीकडे कमी. पण पेशंट तर तोच असतो हो, खाली इमर्जन्सीतून वर आयसीयूत जातो. एकच पेशंट दोन्हीकडून बघा म्हणजे कळेल.

सेप्सिसचा, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनून अवयव बिघडायला लागलेला पेशंट इमर्जन्सीच्या दारात आला. बीपी ८०/४०, पल्स १३०, अंग गरम, बोलतोय पण अर्धं भलतंच. सोबत शेजारी आलेत, त्यांना गोळ्या कुठल्या चालू आहेत माहीत नाही, ॲलर्जी माहीत नाही. तुमच्याकडे माहिती जवळजवळ शून्य आणि हात लगेच चालले पाहिजेत. ऑक्सिजन, शिरेत मोठ्या दोन कॅन्युला (सुया), अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर, लॅक्टेटची रक्ततपासणी, पहिल्या तासात अँटिबायोटिक, ऑर्डरप्रमाणे सलाईन जोरात. आणि हे चालू असताना शेजारच्या कॉटवर छातीत दुखणारा माणूस आलाय, त्याचा ईसीजी १० मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, आणि पलीकडे एक लहान मूल रडतंय. दीड-दोन तासांनी सेप्सिसचा पेशंट वर जातो. जगला की गेला, बऱ्याचदा तुम्हाला कधीच कळत नाही.

आता वर. तोच पेशंट, आता व्हेंटिलेटरवर, बीपी वर ठेवणारं नॉरॲड्रेनॅलिन चालू, सतत बीपी दाखवणारी आर्टेरियल लाइन धमनीत टाकलीय, मीन (सरासरी) प्रेशर ६५ च्या वर ठेवायचंय, युरीन तासाला किलोमागे निदान ०.५ मिली यायला हवी. तिसऱ्या दिवशी तो नळ्या ओढायला लागतो, डिलिरियम, म्हणजे भ्रम. पाचव्या दिवशी व्हेंटिलेटरवरून काढायचा पहिला प्रयत्न फसतो. त्याची मुलगी रोज त्याच वेळी येऊन तोच प्रश्न विचारते आणि तुम्हाला रोज तितक्याच शांतपणे उत्तर द्यायचं असतं. आठ दिवसांत त्याचं शरीर तुम्हाला इतकं पाठ होतं की आकडा हलायच्या आधीच काहीतरी बिनसलंय हे तुम्हाला जाणवतं.

म्हणजे इमर्जन्सीत प्रश्न असा की अपुऱ्या माहितीवर पटकन क्रम लावता येतो का आणि अर्धवट गोष्ट दुसऱ्याच्या हातात देऊन पुढच्याकडे वळता येतं का. आणि आयसीयूत प्रश्न असा की तीच गोष्ट अकराव्यांदा बघताना सुद्धा पहिल्यांदा बघितल्यासारखी बघता येते का, आणि पेशंट आणि त्याच्या घरच्यांसोबत दिवसेंदिवस राहता येतं का. थ्रिल, स्टेटस, मशीन हे सगळं ह्याच्या मागून येतं.

> सावध: "मला दोन्ही जमेल" असं उत्तर इथे आलं तर ते खोटं नसतं, पण काही कामाचं पण नसतं. जमणं आणि थकूनही परत जावंसं वाटणं ह्यात फरक आहे.

पायरी ३: दोन आठवडे स्वतःची नोंद ठेवा

आत्ता जिथे काम करताय तिथेच, वॉर्ड असो की ऑपरेशन थिएटर की काहीही. रोज ड्यूटी संपल्यावर, घरी पोचून जेवायच्या आधी, चार ओळी.

एक, आज कुठल्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही. दोन, काय अर्धवट सोडून आले आणि ते घरी येईपर्यंत डोक्यात राहिलं का. तीन, चिडचिड नेमकी कशाने झाली. चार, आज माझ्याकडून कुठली चूक होता होता राहिली, आणि ती घाईमुळे होणार होती की कंटाळ्यामुळे.

चौथी ओळ सगळ्यात मोलाची आहे, आणि सगळे तीच टाळतात. प्रत्येकीची चूक करायची स्वतःची अशी एक पद्धत असते. काहींचं गर्दी वाढली की भान सुटतं, दोन पेशंटची औषधं हातात असताना नाव परत तपासायचं राहतं. काहींचं उलट, गर्दीत अगदी नीट असतात पण सगळं स्थिर असलं की चौथ्या तासाला नजर सैल पडते, आणि पंपातली सिरिंज संपत आलीय हे अलार्म वाजल्यावर कळतं. माझं दुसऱ्या प्रकारातलं होतं. हे मला आयसीयूत गेल्यावर एका रात्री कळलं, इनोट्रोपची (हृदयाला जोर देणाऱ्या औषधाची) पुढची सिरिंज भरून ठेवायची राहिली होती, बीपी पडलं, शेजारच्या सिस्टरने धावत येऊन सांभाळलं. पेशंटला काही झालं नाही. पण त्या रात्रीनंतर मी दर तासाच्या सुरुवातीला प्रत्येक सिरिंजमध्ये किती तास उरलेत ते लिहायची सवय लावली आणि ती कधी सोडली नाही. आपली चूक कुठल्या प्रकारची असते हे माहीत असलं की तिच्यावर उपाय बांधता येतो, एवढ्यासाठी ही ओळ.

> नेहमीची चूक: छान वाटेल असं लिहिणं. "पेशंटशी बोलण्यात वेळ छान गेला" असं रोजच यायला लागलं तर थांबा, ही वही इन्चार्जला दाखवायची नाहीये.

> तपासणी: दोन आठवड्यांनी एका बैठकीत सगळं वाचा. परत परत आलेलं काय, तेवढंच घ्या. एकदाच आलेलं सोडून द्या.

पायरी ४: दोन्हीकडे पूर्ण शिफ्ट बघा, फेरफटका नको

इथे सगळ्यात जास्त गडबड होते. दुपारी दोन तास जाऊन येतात, एक सीपीआर बघतात आणि भारावून जातात. किंवा नेमका शांत दिवस मिळतो आणि वाटतं इथे काहीच नाही.

प्रत्येक विभागात निदान दोन शिफ्ट, एक दिवसाची, एक रात्रीची. हॅंडओव्हरपासून (एका शिफ्टने दुसरीच्या हाती पेशंट सोपवणं) हॅंडओव्हरपर्यंत. सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते हॅंडओव्हरमध्येच, कारण त्या विभागाला काय महत्त्वाचं वाटतं ते तिथे ऐकू येतं. इमर्जन्सीचा हॅंडओव्हर दोन-तीन वाक्यांत संपतो, काय आलं, काय दिलं, कशाची वाट बघतोय. आयसीयूत एकाच पेशंटचा डोक्यापासून पायापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालू शकतो, एकेक लाइन, एकेक ड्रेन, एकेक रेट. कुठला ऐकताना तुम्ही पुढे झुकलात आणि कुठला ऐकताना लक्ष उडालं ते प्रामाणिकपणे लिहा.

इमर्जन्सीत गेलात की निदान दोन तास ट्रायजच्या टेबलापाशी, म्हणजे आधी कोणाला बघायचं हे जिथे ठरतं तिथे उभ्या राहा, रिससच्या (अत्यवस्थ पेशंटच्या) खोलीत नाही. येणारा प्रत्येक माणूस आत येतानाच तुम्ही मनात तातडीची लेव्हल ठरवा आणि मग ट्रायज नर्सने काय ठरवलं ते बघा. ती चेहऱ्याचा रंग, श्वासाची गती, बोलताना वाक्य पूर्ण होतंय का, हे नाव विचारायच्या आधीच बघून झालेली असते.

आयसीयूत एकच नर्स आणि एकच बेड धरून राहा. सगळ्या बेडवर फिरलात तर प्रदर्शन बघितल्यासारखं होईल. पहाटे ३ ते ५ ह्या वेळेत ती नर्स काय करते ते बघा. त्या वेळेला पण ती आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर (प्रेशर मोजणारा भाग) हृदयाच्या लेव्हलला आहे का हे वाकून बघते की मॉनिटरचा आकडा तसाच उतरवते, ह्यावरून त्या युनिटचं काम कळतं.

आणि प्रश्न विचारा, पण फक्त तिथे खूष असणाऱ्यांना नाही. जी सोडून गेली तिला शोधून विचारा. "आवडतं का" असं विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. विचारा की शेवटची वाईट शिफ्ट कशी होती, आणि त्या दिवशी तुझ्या मदतीला कोण आलं.

> सावध: बघायला गेलात म्हणजे बघायलाच. पंपाचं बटण, अलार्म, नळी कशालाच हात लावायचा नाही, मदत म्हणून सुद्धा नाही. आणि पेशंटची माहिती, नाव, फोटो वहीत येता कामा नये.

पायरी ५: एक-एक आठवडा दोन्हीचा अभ्यास करून बघा

हे फार कमी जणी करतात आणि माझ्या मते हे शिफ्ट बघण्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण पुढची कित्येक वर्षं तुम्ही तेच वाचणार आहात.

आयसीयूच्या आठवड्यात रोज दोन एबीजी (धमनीतल्या रक्ताच्या वायू तपासणीचे रिपोर्ट) सोडवा. पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, बायकार्ब २२ ते २६, आधी पीएच, मग कारण कुठलं, मग शरीराने भरपाई केलीय का, ह्याच क्रमाने. व्हेंटिलेटरवर टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाला आत जाणारी हवा) किलोमागे ६ मिलीच्या आसपास का ठेवतात, आणि ते किलो म्हणजे पेशंटचं प्रत्यक्ष वजन नसून उंचीवरून काढलेलं वजन का, हे शोधून स्वतःच्या शब्दात लिहा. आणि पंपाचं गणित हाताने करा. उदाहरणार्थ ५० मिलीमध्ये ४ मिलिग्रॅम नॉरॲड्रेनॅलिन, म्हणजे एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम. पेशंट ६० किलोचा, डोस मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम. मिनिटाला ६, तासाला ३६०, भागिले ८०, म्हणजे तासाला ४.५ मिली. हे केल्यावर बरं वाटलं का डोकं जड झालं? रेट बरोबर आला म्हणून ज्यांना मनापासून समाधान वाटतं त्या आयसीयूत टिकतात असं मी बघितलंय.

इमर्जन्सीच्या आठवड्यात रोज पाच पेशंट कागदावर एकाच वेळी दारात उभे करा आणि क्रम लावा. हे घ्या: ५८ वर्षांचा माणूस, छातीवर दाब, घाम सुटलाय. ताप असलेलं मूल, पण खेळतंय. हात कापलेला तरुण, दाबून धरलंय, रक्त थांबलंय. ६५ वर्षांची बाई, ४० मिनिटांपासून जीभ जड. मधमाशी चावलेली २० वर्षांची मुलगी, ओठ सुजलेत, श्वास घेताना शिट्टी वाजतेय.

पहिली ती मुलगी, कारण श्वासाची वाट बंद होऊ शकते, ॲड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम. पण तिच्याजवळ उभं राहून तुमचं तोंड चालू पाहिजे, छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी कोणीतरी काढा, आणि त्या बाईला शेवटचं नीट बोलताना कोणी आणि किती वाजता बघितलं ते विचारा, कारण तिला स्ट्रोक असू शकतो, गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि ते घड्याळ लक्षणं सुरू झाल्यापासून चालू आहे, दारात आल्यापासून नाही. हात कापलेला थांबू शकतो. मूल पण थांबू शकतं, पण मधून मधून बघत राहायचं, थांबायला सांगितलेला पेशंट नजरेआड गेला की तोच बिघडतो.

पाच जणांना एकाच वेळी डोक्यात धरणं तुम्हाला आवडलं की कोणावर तरी अन्याय होतोय असं सारखं टोचत राहिलं, ते लिहा.

> तपासणी: कुठल्या आठवड्यात ठरवल्यापेक्षा जास्त वाचलं गेलं? आणि कुठल्या आठवड्यात दिवस चुकवले?

पायरी ६: शरीर आणि मन

आयसीयूत पाठीवर भार येतो, बेशुद्ध पेशंटची कूस बदलणं रोजचं आहे, पाठीचं जुनं दुखणं असेल तर ते आत्ताच हिशेबात धरा. इमर्जन्सीत पायांवर आणि आवाजावर भार येतो, आणि शिवीगाळ, कधी अंगावर येणारे लोक, हे खरं आहे आणि कोणी आधी सांगत नाही.

मृत्यू दोन्हीकडे आहेत, पण वेगळे. इमर्जन्सीत सकाळी घरून धडधाकट निघालेला माणूस, आणि घरच्यांना काही कल्पनाच नाही. आयसीयूत हळूहळू होत जाणारा, नातेवाईकांशी ओळख झाल्यावरचा, आणि कधी कधी उपचार अजून किती ओढायचे ह्या प्रश्नासकट येणारा. कुठला जास्त झेपेल हे कोणी बाहेरून सांगू शकत नाही. पण तुमच्या घरात नुकतंच कोणी गेलं असेल आणि ते ज्या प्रकारे गेलं तोच प्रकार रोज समोर येणार असेल, तर सहा महिने थांबा. ह्यात कमीपणा नाही.

पायरी ७: आता युनिट बघा, विभाग नाही

इथपर्यंत कल कळलेला असतो. आता त्या विशिष्ट युनिटला हे विचारायचं, आणि उत्तर मोघम आलं तर परत विचारायचं:

- ओरिएंटेशन किती आठवड्यांचं, आणि त्या काळात मला ड्यूटीवरच्या नर्सच्या मोजणीत धरणार का? धरणार असतील तर ते ओरिएंटेशन नाही.
- शिकवायला एक ठरलेली सीनियर मिळणार की रोज जी असेल ती?
- आयसीयू असेल तर व्हेंटिलेटरवरचे किती पेशंट एका नर्सकडे? दोनच्या वर नेहमीच जात असेल तर तिथे शिकणं होत नाही, फक्त निभावणं होतं.
- इमर्जन्सी असेल तर नवीन नर्सला ट्रायजला कधी बसवतात? पहिल्याच महिन्यात म्हणाले तर तिथून निघा.
- रात्री अडचण आली तर कोणाला फोन करायचा, आणि तो उचलला जातो का?

माझं मत स्पष्ट आहे. नवीन असाल आणि आवडीच्या विभागातलं युनिट वाईट, दुसऱ्या पसंतीच्या विभागातलं चांगलं, असं असेल तर चांगलं युनिट घ्या. शिकवणारी माणसं मिळाली तर विभाग नंतर बदलता येतो, पण वाईट युनिटमध्ये लागलेली भीती अंगातून निघायला फार वेळ लागतो.

पायरी ८: फॉर्म, पहिले सहा महिने, आणि बदलायचं झालं तर

इंटरव्ह्यूमध्ये "मला आव्हान आवडतं" म्हणू नका, सगळ्या म्हणतात. वहीतली एक खरी गोष्ट सांगा, बघितलेली शिफ्ट, त्यात काय दिसलं, आणि स्वतःकडून कुठल्या प्रकारची चूक होते आणि तिच्यावर काय उपाय करताय.

पहिले तीन महिने दोन्हीकडे वाईटच जातात, त्यावरून निर्णय चुकला असं धरू नका. सहा महिन्यांनी वही उघडून परत दोन आठवडे त्याच चार ओळी लिहा. दमणं वेगळं आणि नकोसं होणं वेगळं, ते तिथे दिसतं. अपवाद एकच, पेशंटच्या जिवाला धोका होईल अशा चुका वारंवार व्हायला लागल्या तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी इन्चार्जशी बोलायचं.

बदलायचं ठरलंच तर हे माहीत असू द्या की सोबत कौशल्यं येतात तशा सवयी पण येतात. इमर्जन्सीतून आयसीयूत जाणारीला "तेवढं नंतर लिहू" ही सवय मोडावी लागते, आणि पेशंटचं कालचं काय होतं हे विचारायला शिकावं लागतं. मला ह्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. आयसीयूतून इमर्जन्सीत जाणारीला उलट, सगळे आकडे हातात आल्याशिवाय हात हलत नाहीत, आणि एका पेशंटचं सगळं नीट करत बसलं की बाकीचे चार तसेच राहतात. दोघींनाही नवीन म्हणूनच ओरिएंटेशन मागायला हवं, अनुभव आहे म्हणून ते अर्धं करून चालत नाही.

बदलीचा अर्ज देताना जुनी वही फेकू नका, पायऱ्या १ ते ३ त्यात लिहिलेल्याच आहेत. सरळ पायरी ४ पासून सुरू करा.